भुशाचे बळ

सोनारीत नव्या घराला सागवानी चौकट बसवलेली मी गेल्या काही वर्षांत क्वचितच पाहिली. बहुतेकांची चौकट लोखंडी असते, न्हाणीला फायबरचे दार असते, आणि अलीकडे परंडा-बार्शीच्या दुकानांतून एक नवी फळी येऊ लागली आहे. दुकानदार तिला डब्ल्यूपीसी म्हणतो, सुतार 'प्लास्टिकचं लाकूड' म्हणतो आणि आमच्या शेजारच्या वहिनी 'ते भुशाचं दार' म्हणतात. तिघांत वहिनींचे नाव मला सर्वांत नेमके वाटते. वस्तू तीच तर आहे : लाकडाचा बारीक भुसा, आणि त्याला धरून ठेवणारे वितळवलेले प्लास्टिक.

"सागवानापेक्षा मजबूत," असे दुकानदार सांगतो. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञान नव्हे. पण कुणी 'मजबूत' म्हटले की 'कशापुढे मजबूत?' असे विचारण्याची मास्तरकीची खोड काही जात नाही. त्या खोडीपायी गेले वर्षभर ह्या भुशाच्या मागे लागलो, आणि लक्षात आले की ह्याचा इतिहास दुकानदाराला वाटतो त्याहून फार जुना आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या अंगणातलाच आहे.

आमच्या भागातले जुने घर म्हणजे माळवदाचे घर. भिंतीला पांढरीची माती. ती नुसती कालवून कुणी लावत नसे. त्यात गव्हाचे काड, भुसकट घालायचे, पाणी सोडायचे, आठ-पंधरा दिवस ती कुजत ठेवायची आणि मग पायांनी तुडवून तुडवून गारा करायचा. लहानपणी हे तुडवण्याचे काम आम्हा पोरांकडे असे आणि त्या वासाने दोन दिवस जेवण जात नसे. (आमची आजी म्हणायची, वास आला नाही तर गारा कच्चा आहे.) नुसत्या मातीचा गिलावा वाळला की आकसतो आणि तडकतो. काड असले की तडा निघतो, पण काडीशी येऊन थांबतो. काडी तडेच्या दोन्ही काठांना धरून ठेवते. माती दाब सोसते, काडी ताण सोसते. दोघांचे गुण वेगळे आहेत म्हणून तर दोघांना एकत्र घालायचे. 'तंतूंनी बळकट केलेला पदार्थ' ह्या भारदस्त नावामागे असलेली कल्पना एवढीच आहे.

सुतारही हेच करायचा. दाराला भेग असली की सरस आणि लाकडाचा भुसा कालवून भरायचा. वाळल्यावर रंधा फिरवला की भेग कुठे होती ते सापडत नसे. फक्त सरसाला पाणी चालत नाही. पहिल्या मृगात भेग पुन्हा दिसू लागे.

आता सरसाऐवजी लाख घ्या. पळस, कुसुम, बोर ह्या झाडांच्या फांद्यांवर किड्यांनी तयार केलेली ही राळ आपल्याकडचीच. कासाराची बांगडी, सोनाराच्या पोकळ दागिन्यातले भरण, विळ्याची मूठ, सगळीकडे ती होती. हीच लाख जहाजातून अमेरिकेत गेली आणि तिथे सॅम्युअल पेक नावाच्या माणसाने तिच्यात लाकडाची पूड मिसळून, तापवून, साच्यात दाबून फोटो ठेवायच्या नक्षीदार डब्या केल्या. त्याचे पेटंट १८५४ चे आहे. म्हणजे आपल्याकडे अठराशे सत्तावनाचे बंड व्हायच्या तीन वर्षे आधी लाकडाची पूड आणि राळ ह्यांची साच्यातली वस्तू बाजारात होती, आणि तिच्यातली राळ हिंदुस्थानातून आलेली होती. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये लपाज ह्या गृहस्थाने भुशात बैलाचे रक्त कालवून, उष्णता आणि दाब देऊन दौती आणि बिल्ले बनवण्याचे पेटंट घेतले. खाटीकखान्यातले वाया जाणारे रक्त आणि सुताराचा वाया जाणारा भुसा! कल्पना करून अंगावर काटा येतो खरा, पण त्या वस्तू आजही संग्रहालयांत शाबूत आहेत.

मग १९०७ साल आले. मूळचा बेल्जियमचा, अमेरिकेत स्थायिक झालेला लिओ बेकलँड ह्याने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ह्यांपासून बॅकेलाइट केले. पूर्णपणे माणसाने घडवलेले हे पहिले प्लास्टिक. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात नसते ते हे की नुसते बॅकेलाइट ठिसूळ होते, पडले की फुटायचे. त्याला कामाचे केले ते लाकडाच्या पिठाने. वजनाने निम्म्यापर्यंत लाकडाचे पीठ घातले की ते साच्यात कमी आकसे, कमी तडके आणि स्वस्तही पडे. आमच्या पिढीने घरात वीज आल्यावर जी काळी गोल बटणे पाहिली, ती ह्याच जातीची. एखादे फुटले तर आत चकचकीत काळे न दिसता मळकट, दाणेदार दिसे. तो दाणा लाकडाचा.

बॅकेलाइटचेच दुसरे भावंड आपल्या जेवणाच्या टेबलावर आले, सनमायका. १९१२-१३ मध्ये अमेरिकेत ओ'कॉनर आणि फेबर ह्या दोन अभियंत्यांनी विजेच्या कामात लागणाऱ्या अभ्रकाला पर्याय म्हणून तंतू आणि राळ ह्यांचे थर दाबून पत्रा केला. अभ्रकाला इंग्रजीत मायका म्हणतात. अभ्रकाऐवजी, म्हणून 'फॉर्मायका'. आपल्याकडच्या कंपनीने सनमायका हे नाव घेतले आणि ते इतके रुळले की आज कुठल्याही कंपनीचा पत्रा सनमायकाच. तो पत्रा म्हणजे राळेत भिजवलेले कागदाचे थर, आणि कागद म्हणजे लाकडाचा तंतू. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. कागदात तंतू अख्खा असतो, पीठ झालेला नसतो. म्हणून एक मिलिमीटरचा तो पत्रा इतका चिवट. पुढे ह्याचे काम आहे.

परीक्षेला पोरे जे तपकिरी पॅड आणायची, तेही ह्याच घराण्यातले, पण त्यात बाहेरची राळच नाही म्हटले तरी चालेल. १९२४ मध्ये अमेरिकेत विल्यम मेसनने लाकडाच्या तुकड्यांवर वाफेचा जबर दाब देऊन तो एकदम सोडला. लाकूड फुटून त्याचा कापसासारखा पिंजारा झाला. तो तापवून दाबला की लाकडातलेच लिग्निन त्याला चिकटवते. झाडाने स्वतःच ही युक्ती केलेली आहे : सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना धरणारे लिग्निन. लाकूड हाच मुळात तंतूंनी बळकट केलेला पदार्थ आहे, आपण फक्त त्याची नक्कल करतो. पॅडची मजबुती मी पस्तीस वर्षे पोरांच्या पाठीवर आवाज करताना ऐकली आहे. एकमेकांच्या पाठीवर, माझ्या हातून नव्हे! भिजले मात्र की ते पॅड पापडासारखे फुगायचे. असो.

आता खरी गोम. पॉलिथिन १९३३ मध्ये सापडले, पॉलिप्रॉपिलीन १९५४ मध्ये. आपली पिशवी, बादली, साखरेचे पोते ह्याच दोघांचे. स्वस्त, वितळवून हवे तसे ओतता येणारे. ह्यांत भुसा का घालू नये? घातला. पण बॅकेलाइटच्या वेळी जे सहज जमले ते इथे जमेना. लाकडाला पाणी प्रिय. पॉलिथिन हे मेणाचे चुलत भावंड, त्याला पाण्याचे वावडे. तेलाच्या हातावर कणीक चिकटत नाही तसे हे दोघे एकमेकांना धरेनात. शिवाय लाकूड दोनशे अंशांच्या आसपास करपू लागते, त्यामुळे त्याखाली वितळणारेच प्लास्टिक घ्यावे लागते. निवड तिथेच आखूड झाली.

उपाय निघाला तो मध्यस्थाचा. सोयरीक जुळवणारा माणूस कसा दोन्ही घरांत ऊठबस असलेला लागतो, तसा. मॅलिइक अनहायड्राइड नावाचा पदार्थ प्लास्टिकच्या साखळीला जोडून घेतात. त्याचे एक टोक लाकडाला रासायनिक गाठ मारते, दुसऱ्या टोकाची लांब शेपटी प्लास्टिकमध्ये गुंतते. शंभर भागांत तीन भाग पुरतात.

ह्याचा परिणाम किती, हे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेशी संबंधित निकोल स्टार्क आणि रॉबर्ट रोलंड्स ह्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत दिसते. मी ते मेगापास्कलमधून आपल्या किलोत आणले आहेत. नुसते पॉलिप्रॉपिलीन ताणले तर चौरस सेंटिमीटरला सुमारे २९० किलोला तुटते. त्यात ४० टक्के लाकडाचे पीठ घातले, तर? वाढेल असे वाटते ना? ते २६० वर येते. मजबुती घटली! मध्यस्थ घातला की ३३० होते. आता पिठाऐवजी तेवढाच अख्खा तंतू घाला. मध्यस्थाशिवाय २९०, म्हणजे होते तिथेच. आणि तंतू अधिक मध्यस्थ? ५३०. हे दोन आकडे, २६० आणि ५३०, मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहेत. लाकूड तेवढेच, प्लास्टिक तेवढेच. फरक लांबीचा आणि जोडाचा.

लांबीचे कारण गवंड्यालाही कळेल. देवदारासारख्या झाडाचा तंतू सुमारे तीन मिलिमीटर लांब आणि त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका रुंद असतो. पीठ केले की कण रुंदीच्या जेमतेम दुपटी-चौपटीचा उरतो. गाऱ्यात काड घालण्याऐवजी काडाचे पीठ घातले तर तडा कोण धरणार? पीठ जागा भरते, फळी ताठ करते, स्वस्त करते. तिला तोलून धरत नाही. मग कारखाने पीठच का घालतात? कारण ते यंत्रातून सुरळीत वाहते, आणि लांब तंतू गुंततो, यंत्रात भरताना अडतो. व्यापाराचे गणित ते. अमेरिकेत १९९६ मध्ये ट्रेक्स कंपनी निघाली, ती जुन्या प्लास्टिक पिशव्या आणि भुसा ह्यांच्या फळ्या घराबाहेरच्या ओट्यांसाठी विकू लागली. २००३ च्या अखेरीस आर्सेनिकचे औषध पाजलेले लाकूड तिथे घरगुती वापरातून मागे घेतले गेले, आणि ह्या धंद्याला बरकत आली. ओट्यासाठी ही फळी उत्तमच आहे. तिला खाली जवळजवळ आडवे वासे असतात, घर काही ती डोक्यावर घेत नाही.

आणखी एक मजबुती असते, ती आमच्या गावात माकडे तपासतात. काळभैरवनाथाच्या देवळामुळे आणि माकडांमुळेच सोनारी पंचक्रोशीला ठाऊक आहे. माळवदावरून त्यांनी उडी मारली तर धप्प आवाज येई आणि थोडी माती गळे. पत्र्यावर मारली तर झोप उडते. हा झाला धक्का. त्याच प्रयोगात अखंड तुकड्याला घाव घालून पाहिले, तर नुसत्या पॉलिप्रॉपिलीनने जेवढा धक्का सोसला त्याच्या जेमतेम नवव्या हिश्शाला पीठ घातलेला तुकडा मोडला. तंतू आणि मध्यस्थ दोन्ही घालूनही तो चौथ्या हिश्शापर्यंतच पोहोचला. ताठपणा वाढतो तेव्हा सहनशीलता घटते. प्लास्टिकची बादली आपटली तर उसळते, भुशाची फळी चिरते.

हे सगळे मी एवढ्या नेटाने का वाचले, ते आता सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात असतो. सोनारीतला आजोबांचा वाडा दुरुस्त करायचे त्याने मनावर घेतले आहे. माळवदाच्या दोन तुळयांना वाळवी लागलेली. ठेकेदार म्हणाला, ह्या जागी डब्ल्यूपीसी टाकू, वाळवीचा प्रश्नच नको. त्याने मला फोन केला, "गुरुजी, तुमचं काय मत?" मी इंजिनिअर नाही, हे त्याला ठाऊक होते. पण त्याने मला विचारले ह्याचे कारण मला ठाऊक होते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. किल्लारी इथून लांब, तरी भांडी वाजली आणि आम्ही अंगणात आलो. पुढच्या आठवड्यात मदतवाटपाला आम्ही काही शिक्षक सास्तूरकडे गेलो, हा विद्यार्थी तेव्हा दहावीत होता, तोही बरोबर होता. तिथे जे पाहिले ते सगळे लिहिणार नाही. एक मात्र सांगतो. कित्येक घरांच्या भिंती कोसळल्या होत्या आणि लाकडी खांब, तुळया तशाच उभ्या होत्या, अंगावरचे कपडे गळून पडावेत तशा. भिंती दोन-तीन हात जाडीच्या. पण आत पाहिले तर बाहेरचा एक दगडी पदर, आतला एक दगडी पदर, मध्ये माती आणि दगडगोटे. दोन्ही पदरांना आरपार धरणारा लांब दगड कुठेच नाही. हादरा बसला आणि दोन पदर एकमेकांपासून सुटले. वरून सालोसाल नवी माती घालत जाड केलेले माळवद. अभियंत्यांच्या अहवालांत हेच आले, आणि नंतर जी घरे जागेवर बळकट केली त्यांत भिंतीला भोके पाडून आरपार जोड घातले, खांब-तुळईच्या कोपऱ्यांना तिरपे आधार दिले. ५२ गावे नव्या जागी वसवली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून सात हजारांहून अधिक माणसे गेली. दगड कच्चा नव्हता, माती कच्ची नव्हती. मधला जोड नव्हता.

म्हणून मी त्याला सांगितले, दाराला लाव, न्हाणीला लाव, खिडकीच्या चौकटीला लाव, तुळईला नको. सागवानाचा ताठपणा रेषेच्या दिशेने ह्या फळीच्या अडीच-तीनपट असतो, म्हणजे त्याच मापाची भुशाची तुळई त्याच ओझ्याखाली अडीच-तीनपट वाकेल. आणि ती तिथेच थांबणार नाही. प्लास्टिक सततच्या ओझ्याखाली हळूहळू वाहत असते, आणि आमच्या मे महिन्यात जास्तच. आज बोटभर वाकलेली तुळई पाच वर्षांनी किती वाकेल, हे ठेकेदार सांगायला येत नसतो. त्यातून बाजारात डब्ल्यूपीसी म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ फळ्या म्हणजे फुगवलेले पीव्हीसी आणि दगडाची भुकटी, लाकूड नावापुरते. बार्शीच्या एका दुकानात मी विचारले, ह्यात लाकूड किती? दुकानदाराने फळीच्या कापलेल्या कडेचा वास घेतला आणि म्हणाला, "असंल की गुरुजी, नाव काय उगं दिलंय का?"

वाड्याला शेवटी बार्शीतल्याच एका पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळया मिळाल्या. वरची हातभर माती निम्मी उतरवली. तिरपे आधार गावातल्या सुताराने बसवले, आणि ह्या वेळी त्याला कारण समजावून सांगावे लागले नाही, तोही त्या वर्षी सास्तूरला होता. न्हाणीचे दार मात्र भुशाचे आहे आणि चांगले आहे. सुताराची तक्रार एवढीच की आधी भोक पाडल्याशिवाय खिळा मारला की कड चिरते.

राहता राहिला तंतूचा प्रश्न. आमच्या जिल्ह्यात जंगल नावाला. लाकडाचा लांब तंतू आम्ही कुठून आणणार? पण सोनारीच्या शिवारात साखर कारखाना आहे आणि गाळपाच्या दिवसांत उसाच्या चिपाडाचे डोंगर उभे राहतात. शंभर टन उसातून पंचवीस-तीस टन चिपाड निघते, त्यात निम्मे पाणी. उरलेल्यात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मऊ गाभा, आणि बाकी चांगला लांब धागा. बोर्ड करणारे आधी तो गाभा झाडून काढतात, कारण तो पाणी पितो आणि ताण घेत नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, पऱ्हाटीपासून बोर्ड करण्याची रीत बसवून दाखवली आहे. पऱ्हाटीचा तंतू कठीण लाकडाच्या तंतूशी मिळताजुळता असतो. आमच्याकडे पऱ्हाटी चुलीत गेली आणि चिपाड बॉयलरमध्ये जाते. बॉयलरची वाफ साखरेलाही लागते आणि विजेलाही, तेव्हा कारखान्याला दोष देता येत नाही. जाळणाऱ्याला गाभा आणि धागा वेगळा करायची गरज पडत नाही, आणि वेगळा करण्याचा खर्च बोर्डाच्या भावातून निघायला हवा. विद्यार्थ्याने पुण्याहून चिपाडाच्या बोर्डाचा एक तुकडा पाठवला आहे. तो महिनाभर रांजणाखाली ठेवला होता. कडेला थोडा फुगला आहे, मधून अजून ताठ आहे. पावसाळाभर तो तिथेच राहू देणार आहे.